छतावरची सूर्यमाला

मुलांनो, नेदरलँड्समधल्या फ्रानेकर गावी कधी गेलात, तर आयसे आयसिंगाच्या घरात जरूर शिरा. बैठकीच्या खोलीत उभं राहून मान वर करा. निळ्या छताखाली सोनेरी ग्रह फिरताहेत! फिरताना दिसणार नाहीत हं. शनीला एका फेरीला खऱ्या शनीइतकीच २९ वर्षं लागतात.

मे १७७४ मध्ये चंद्र आणि चार ग्रह आकाशात जवळजवळ दिसणार होते. ते आदळतील, पृथ्वी सूर्यात जाऊन पडेल, अशी आवई उठली. लोक धास्तावले. आयसिंगा लोकर विंचरणारा कारागीर, पण गणिताचं भारी वेड! खरं काय ते लोकांना दिसावं, म्हणून त्यानं राहत्या घराच्या छतालाच सूर्यमाला बसवली. १ मिलिमीटर म्हणजे १० लाख किलोमीटर. वर माळ्यावर लाकडी चाकं, त्यांना दात्यांऐवजी हातानं घडवलेले सुमारे १०,००० खिळे, आणि सगळं चालवतं एक लंबकाचं घड्याळ. सात वर्षं ठोकाठोक चालली. घरच्यांनी ती कशी सोसली असेल, कोण जाणे!

१७८१ मध्ये काम संपलं, आणि त्याच वर्षी युरेनस सापडला. या मापानं तो सूर्यापासून जवळजवळ ३ मीटरवर हवा. तेवढं छत आणायचं कुठून? तो तिथं आजही नाही.