रविवार संपल्यावर

माणूस जगतो कशासाठी? १६४७च्या सुमारास वेस्टमिन्स्टरला तयार झालेल्या ख्रिस्ती प्रश्नोत्तरावलीतला हा पहिला प्रश्न. देवाचे गौरव करावे आणि सदासर्वदा त्याच्या ठायी आनंद मानावा, असे त्याचे उत्तर. सेवा, सुवार्ता, परोपकार हे सगळे त्याच्या मागून येते. मला हा क्रम पटतो. पण हे उत्तर घोकणे वेगळे आणि आवणीच्या दिवसांत जगणे वेगळे.

भोर-वेल्ह्यात आषाढ लागला की उसंत नसते. तरवा उपटायचा, मुठी बांधायच्या, डोक्यावर इरले घेऊन चिखलात दिवसभर वाकायचे. रात्री पाठ टेकली की प्रार्थनेचे चार शब्द ओठांवर यायच्या आत डोळा लागतो. अशा बाईला ‘उपासना म्हणजे रविवारची मंडळी’ एवढेच शिकवले, तर तिचे सहा दिवस देवावाचूनच गेले म्हणायचे! पौल रोमकरांच्या पत्रात देवाला आपले शरीर अर्पण करा म्हणतो. त्या शरीरात दुखणारी कंबरही आलीच.

या मुलखात मिशनचे लोक येऊन शतक उलटले. चार्ल्स रीव्ह यांनी १८९३ साली सुरू केलेल्या ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’चे ठाणे भोर संस्थानातल्या नसरापूरला होते. नावातच खेडे असलेले हे मिशन. गावोगाव हिंडणाऱ्या त्या माणसांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण मिशनांचा हिशेब बहुधा प्रवचनांचा आणि बाप्तिस्म्यांचा असे. खाचरातल्या भक्तीला त्या वहीत रकाना नव्हता.

मराठी मातीत मात्र तो होता. सावतोबांनी मळा सोडला नाही, जनाबाईंनी जाते सोडले नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो असे सांगत. त्यांनी मंडळीला अभंग दिले, कीर्तन दिले. परक्या चालीवरचे गीत चर्चच्या दारातच राहते. अभंग घरापर्यंत येतो, भाकरी थापतानाही म्हणता येतो.

‘माझे कामच माझी उपासना’ म्हणत रविवारी दुपारपर्यंत लोळणारेही आहेत म्हणा. त्यांनी याच जिल्ह्यातले केडगाव पाहावे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात तासन्‌तास प्रार्थना चाले आणि तिथेच शेती, विणकाम, छापखानाही चाले. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या भाषांतराचे खिळे तिथल्या बायकांनी जुळवले. प्रार्थना आटपून कामाला लागलो, असा तिथे मामलाच नव्हता.

खेड्यातल्या मंडळीत सुगीनंतर उपकारस्तुती होते. कोणी पायलीभर तांदूळ आणतो, कोणी भोपळा, कोणी कोंबडा. उपासना संपली की त्यांचा लिलाव. दहा रुपयांचा भोपळा शंभराला जातो आणि घेणारा खुशीत घरी नेतो. शहरातून आलेल्या पाहुण्यांना हा गोंधळ वाटतो. मला तो उपदेशापेक्षा जास्त आवडतो, कारण घामाचा वास तेव्हा थेट वेदीपर्यंत पोचलेला असतो.

पण तेवढ्यावर भागत नाही. आमोस संदेष्टा तकोवाचा मेंढपाळ. वेल्ह्याच्या डोंगरात भेटला असता तर धनगरच वाटला असता. तुमच्या सणांचा मला वीट आला आहे, गाण्यांचा गलबला पुरे करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असे त्याने देवाच्या नावाने सुनावले. भोरकरांना हे पाण्याचे बोलणे जास्त कळावे. भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती-फलटणकडे जाते, आणि वरच्या अंगाच्या काही वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. त्या वाडीतल्या बाईचा हंडा डोळ्याआड करून गायलेले स्तोत्र देवापर्यंत पोचत असेल, असे मला वाटत नाही.

रविवारी उपासनेच्या शेवटी सूचना वाचतात: महिला मंडळाची सभा, कोणाचे लग्न, तरुण संघाची सहल. आपल्या पाळकांना सांगा, त्यात, हंड्याचा हा प्रश्न जिथे मांडता येतो त्या ग्रामसभेची तारीखही वाचत जा. आणि त्या दिवशी मंडळीने तिथे जावे.