नोन्नोन्बाच्या गोष्टी

जपानच्या पश्चिमेकडील समुद्रकाठी साकाइमिनातो नावाचे मासेमारीचे एक बंदर आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी तेथे एक वृद्धा राहत असे. देवापुढे हात जोडणाऱ्यांना त्या भागातील मुले ‘नोन्नोन्’ म्हणत. म्हणून ती ‘नोन्नोन्बा’, म्हणजे प्रार्थना करणारी आजी. दारिद्र्य तिच्या पाचवीलाच पुजलेले होते. ज्या घरी ती कामाला जाई, तेथील शिगेरू नावाच्या मुलाला ती गोष्टी सांगे.

त्या राजकन्यांच्या गोष्टी नव्हत्या. छतावरच्या काळसर डागांकडे बोट दाखवून ती सांगे, की रात्री सारे निजले म्हणजे ‘छत चाटणारा’ येतो आणि हे डाग त्याच्याच जिभेचे. बिचारा शिगेरू अंथरुणावर पडल्या पडल्या त्या डागांकडे टक लावून पाहत राही. अशा अद्भुत जिवांना जपानी लोक ‘योकाइ’ म्हणतात. त्यांना सरसकट भुते म्हणणे बरोबर नाही. त्यांतील कित्येक तर निव्वळ खोडकर आहेत.

शिगेरू लहान असतानाच नोन्नोन्बा वारली. पुढे महायुद्ध आले. सैनिक म्हणून त्याला दूरच्या न्यू ब्रिटन बेटावर धाडण्यात आले. तेथे सोबतचे सैनिक मारले गेले आणि तो एकटाच रानातून पळत सुटला. हिवतापाने तो अंथरुणाला खिळला असतानाच बॉम्बहल्ला झाला आणि १९४४ साली त्याने डावा हात गमावला. उरलेल्या एका हाताने त्याने पुढे आयुष्यभर चित्रे काढली. मिझुकी शिगेरू या नावाने जपान त्यांना ओळखू लागला.

युद्धानंतर ते ‘कामिशिबाइ’साठी चित्रे काढीत. कामिशिबाइ म्हणजे कागदी चित्रांचे नाटक. सायकलवर लाकडी पेटी बांधून खेळवाला गल्लीत येई, मुलांना गोळ्या विके आणि एकामागून एक चित्र सरकवीत कथा सांगे. या खेळांत कितारो नावाच्या मुलाची एक कथा १९३० नंतरच्या दशकात गाजली होती. तिचे मूळ एका जुन्या लोककथेत होते. एक फिकट चेहऱ्याची स्त्री रोज रात्री मिठाईच्या दुकानी येते आणि एक नाणे देऊन साखरेच्या गोळ्या नेते. असे सहा दिवस चालते. सातव्या दिवशी तिच्यापाशी नाणे नसते. दुकानदार तिच्या मागोमाग जातो, तो ती स्मशानात नाहीशी होते आणि जमिनीखालून तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू येते. परलोकीची नदी ओलांडण्यासाठी मृतासोबत सहा नाणी ठेवण्याची तिकडे रीत होती. त्या मातेने ती नाणी थडग्यात जन्मलेल्या बाळासाठी वेचली होती.

मिझुकींनी या थडग्यातील बाळाला आपलेसे केले. १९६० पासून भाड्याने मिळणाऱ्या चित्रकथांत, १९६५ पासून मुलांच्या साप्ताहिकात आणि १९६८ पासून दूरचित्रवाणीवर कितारो घरोघरी पोहोचला. त्याच्या सोबतीला मिझुकींनी जुने योकाइ आणून बसविले. लोककथांचे संशोधक यानागिता कुनिओ यांनी गावोगावच्या अशा योकाइंची नावे टिपून ठेवली होती. पण ती केवळ शब्दांत. त्यांतील ‘नुरिकाबे’ पाहा. रात्री वाटसरूसमोर एकाएकी अदृश्य भिंत उभी राहते. वरच्या बाजूस ठोकून उपयोग नाही, तळाशी काठी फिरवली तरच ती नाहीशी होते. एवढेच काय ते टिपण. युद्धकाळी रानात भटकताना आपल्यालाही अशीच भिंत आडवी आली, असे मिझुकी सांगत. त्यांनी तिला राखी रंगाचे अवाढव्य अंग दिले, दोन बारीक, झोपाळू डोळे दिले, पाय दिले.

यात थोडे हरवलेही. जी भिंत कोणालाच दिसत नव्हती, ती आता सर्वांना एकसारखीच दिसते आणि तिचे भय कोणाला वाटेनासे झाले आहे. पण चित्र नसते, तर ते नाव ग्रंथालयातील पानांतच पडून राहिले असते.

नोन्नोन्बावरही मिझुकींनी चित्रकथा लिहिली. २००७ साली फ्रान्समधील आंगुलेम येथे त्या वर्षीची सर्वोत्तम चित्रकथा म्हणून तिला गौरविण्यात आले. २०१५ साली, वयाच्या त्र्याण्णवव्या वर्षी, मिझुकी निवर्तले. साकाइमिनातोच्या रस्त्यावर १९९३ साली योकाइंच्या २३ कांस्यमूर्ती बसविण्यात आल्या. आज त्या दीडशेहून अधिक आहेत. त्यांत नुरिकाबे आहे, कितारो आहे आणि लहानग्या शिगेरूसोबत नोन्नोन्बाही आहे.