भिंतीतली ओल

२०१९च्या ऑगस्टमध्ये नांदूर मध्यमेश्वरचं पाणी सुटलं आणि गोदामाई आमच्या कोपरगावच्या घरात कंबरेएवढी येऊन गेली. गाळ दोन दिवसांत निघाला; ओल मात्र हटेना. गवंडी म्हणाला, "गुरुजी, सिमेंट मारू, दिवाळीला रंग." मी नको म्हटलं. जुनी विटांची भिंत सिमेंटनं कोंडली की पाणी क्षार घेऊन वर चढतं, लोणा फुटतो, पोपडे निघतात. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर वाळते. म्हणून कंबरेपर्यंत गिलावा खरवडून हिवाळाभर भिंत उघडी ठेवली. (पाहुण्यांनी नाकं मुरडली!) मुलांच्या उंचीच्या अगदी पहिल्या खुणा त्याच पट्ट्यात होत्या. खरवडण्याआधी सौ.ने सुतळीला गाठी मारून त्या उतरवून घेतल्या. सुतळी कपाटात आहे. थोरल्याने आल्यावर मागून घ्यावी.