बपेऱ्याच्या बांध्या आणि सातबाऱ्याचा प्रश्न

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात, महाराष्ट्राच्या अगदी सीमेवर बपेरा हे गाव आहे. नागपूर-हावडा रेल्वेमार्गावरील तुमसर रोड स्टेशनवर उतरावे, तुमसरहून सिहोऱ्याच्या रस्त्याने निघावे, की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्याच बांध्या दिसू लागतात. पुढे बावनथडी नदी आणि तिच्या पलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हे दोन्ही काठ एकाच राज्यात होते. आज मधून राज्याची सीमा गेली आहे, पण सोयरिकी, बाजार आणि बोली यांना ती सीमा फारशी ठाऊक नाही. या भागात मराठी, हिंदी आणि पोवारी एकमेकींत मिसळूनच बोलली जातात.

आषाढ पौर्णिमेनंतर गावोगावी वर्षावास सुरू होतो आणि विहारांतून बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्याच दिवसांत रोवणाही असतो. दिवसभर चिखलात वाकून रोवणा केलेल्या माताभगिनी पांढरे लुगडे नेसून संध्याकाळी वाचनाला बसतात, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला आपल्या समाजाची श्रद्धा किती कष्टाची आहे हे कळते. अशाच एका वाचनाच्या निमित्ताने मी दोन दिवस बपेऱ्याला होतो. वाचन आटोपले आणि लोक आपापले कागद घेऊन बसले. मी कारकुनी करणारा माणूस असल्यामुळे जाईन तिथे हा प्रकार होतोच. कुणाचा जातीचा दाखला, कुणाचा निराधारचा अर्ज, कुणाचे बँकेचे पत्र. मात्र त्या रात्री निम्म्याहून अधिक कागद एकाच गोष्टीभोवती फिरत होते. ती गोष्ट म्हणजे सातबारा.

एक बांधव तीन एकर धान बटईने करतात. नांगरटी त्यांची, पऱ्हे त्यांचे, निंदण त्यांच्या घरच्या बाईचे. पीक निघाले की निम्मे मालकाचे. मी विचारले, "धान आधारभूत केंद्रावर देत नाही का?" ते हसून म्हणाले, "भाऊ, सातबारा मालकाचा, त नावबी मालकाचंच लागते. माझं नाव कोन लिवते?"

या एका वाक्यात सारे अर्थशास्त्र आले. सरकारी केंद्रावर हमीभावाने धान विकायचे तर नोंदणी सातबाऱ्यावर होते. २०२३-२४ च्या खरीप हंगामात धानाला हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, प्रोत्साहनपर रक्कम जाहीर झाली, तीही सातबाऱ्याच्या हिशेबाने. सोसायटीचे पीककर्ज सातबाऱ्यावर. २०१७ ची आणि २०१९ ची कर्जमाफी कर्जखात्यावर, आणि कर्जखाते सातबाऱ्यावर. वर्षाला ६,००० रुपयांचा किसान सन्मान निधीही जमीनधारकालाच. मालक बटईचा लेखी करार करून देत नाही, कारण उद्या कुळ लागेल ही भीती त्याच्या मनात असते. लेखी करार नाही म्हणून बटईदार सरकारच्या दृष्टीने शेतकरीच नाही. शेती करणारा एक आणि शेतकरी म्हणून नोंदलेला दुसरा, असा हा प्रकार आहे.

हा प्रश्न एकट्या बपेऱ्याचा नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील एकूण वहिती खात्यांपैकी अनुसूचित जातींची खाती सुमारे १२ टक्के आणि त्यांच्याकडील क्षेत्र सुमारे ९ टक्के होते. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या मात्र १६ टक्क्यांहून अधिक आहे. शिवाय जे खातेदार आहेत त्यांची सरासरी जमीन एक हेक्टरही भरत नाही.

वाचक बंधुभगिनींनो, सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतील कृष्णवर्णीय बांधवांची कहाणी याच वळणाने गेलेली आहे. जोतिबा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्यांना अर्पण केला, हे आपण जाणतोच. परंतु त्या मुक्तीनंतर काय झाले? १८६५ च्या जानेवारीत सेनापती शर्मन यांनी हुकूम काढून समुद्रकाठची जमीन मुक्त कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत देण्याचे ठरवले. हजारो कुटुंबे कामाला लागली. त्याच वर्षी नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. काल मुक्त झालेला माणूस पुन्हा त्याच मालकाच्या शेतात बटईने राबू लागला. बियाणे आणि किराणा मालकाच्या दुकानातून उधार, आणि हंगामाअखेर हिशेब मालकाच्या वहीत. बेडी तुटली होती, वही तुटली नव्हती.

तरीही त्या लोकांनी पै पै जोडून जमिनी घेतल्या. १९२० साली अमेरिकेत नऊ लाखांहून अधिक कृष्णवर्णीय शेतकरी होते. १९९७ साली त्यांची संख्या वीस हजारांच्याही खाली आली होती. अनेकजण शहरांकडे गेले हे खरे. पण कर्ज देणाऱ्या सरकारी कचेऱ्यांनी त्यांचे अर्ज अडकवले, उशिरा मंजूर केले, पेरणी टळून गेल्यावर पैसे दिले, हेही त्यामागचे मोठे कारण होते. या भेदभावाविरुद्ध शेतकऱ्यांनी त्यांच्या कृषिखात्यावर दावा लावला आणि १९९९ मध्ये खात्याला भरपाईची तडजोड करावी लागली. 'पिगफर्ड खटला' म्हणून तो ओळखला जातो.

आणखी एक कारण आपण विशेष लक्षात घ्यावे. आजोबा मेले, मृत्युपत्र केले नव्हते, जमीन दहा-वीस वारसांच्या सामाईक मालकीची झाली. मालकी सिद्ध होत नाही म्हणून कर्ज नाही, सरकारी मदत नाही. मग एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा बाहेरच्याने विकत घ्यायचा, कोर्टात वाटणी मागायची आणि सगळी जमीन लिलावात काढायची. अशा रीतीने कृष्णवर्णीयांच्या पुष्कळ जमिनी गेल्या.

हे मी बपेऱ्याला सांगत होतो तेव्हा एका वयस्क बाईने पिशवीतून सातबारा काढून पुढे केला. सव्वा एकर जमीन. नाव तिच्या आजेसासऱ्याचे. ते वारले त्याला चाळीस वर्षे झाली. मुलगा वारला, नातूही वारला. कसते ही बाई, आणि कागदावर ती कुठेच नाही. "आमची जमीन कोन घेते, मनून रायलो," ती म्हणाली.

जमीन असूनही जिणे सुरक्षित होतेच असे नाही, हेही याच जिल्ह्याने पाहिले आहे. शेजारच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. शेतातून जाणाऱ्या रस्त्याच्या वादाची त्याला पार्श्वभूमी होती. स्वतःची शेती करणारे, मुलांना शिकवणारे ते घर होते. अमेरिकेत १९२१ साली टल्सा शहरातील ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती जमावाने जाळली. दुकाने, दवाखाने, घरे, सारे बेचिराख झाले आणि विमा कंपन्यांनी भरपाई नाकारली. दबलेला माणूस वर येऊ लागला की कुणाच्या तरी डोळ्यांत सलतो, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे. म्हणून जमिनीच्या मागणीबरोबर संघटनाही हवीच.

बाबासाहेबांना हे पुरेपूर ठाऊक होते. १९१३ ते १९१६ या काळात ते ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या शेजारीच कृष्णवर्णीयांची हार्लेम वस्ती वाढत होती. १९४६ साली त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. दुसऱ्याच वर्षी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी शेती हा सरकारी उद्योग करावा, म्हणजे जमीनदार, कुळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, अशी मांडणी केली. १९५४ मध्ये याच भंडारा मतदारसंघातून त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि त्यांचा पराभव झाला. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभारला, लाखो लोक तुरुंगात गेले. त्यांच्याच नावाने २००४ मध्ये सबळीकरण व स्वाभिमान योजना आली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन. २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर. विधवा आणि परित्यक्ता भगिनींना त्यात प्राधान्य. परंतु २०१८ मध्ये दराची मर्यादा कोरडवाहूला एकरी पाच लाख आणि ओलिताला आठ लाख ठरली. त्या दराने विकायला राजी असलेला मालक मिळाला तरच योजना पुढे सरकते.

आपल्या समाजाने शिक्षण घेतले, नोकऱ्या मिळवल्या, त्याचा अभिमान आहे. पण नोकरी एका पिढीत संपते, निवृत्तीबरोबर जाते. जमीन, घर, दुकान हे पुढच्या पिढीच्या हाती भांडवल म्हणून उरते. त्यामुळे नोकरदार बांधवांनी गावाकडे केवळ जयंतीची वर्गणी पाठवून थांबू नये. वर्षावासात ग्रंथवाचनानंतर एक तास कागदांसाठी ठेवावा. ज्यांच्या सातबाऱ्यावर मृत माणसांची नावे आहेत त्यांची यादी करून तलाठ्याकडे वारस नोंदीचे अर्ज द्यावेत आणि पोच घ्यावी. फेरफारात लेकींची, सुनांची नावे गाळू नयेत. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याच वाटेने आलेला हा हक्क आहे आणि तो बौद्धांनाही लागू आहे. बटईदारांनी एकट्याने नव्हे, मिळून लेखी कराराची मागणी करावी. भूमिहीन भगिनींचे अर्ज समाजकल्याण कार्यालयात गटाने न्यावेत, आणि दराची मर्यादा वाढवण्यासाठी आमदार-खासदारांना निवेदने द्यावीत.

दुसऱ्या दिवशी त्या बाईचा वारस नोंदीचा अर्ज आम्ही तिथेच लिहिला. तिच्यासोबत आणखी सहा घरांचे अर्ज निघाले. एका छोट्या गावात, एका सकाळी, सात अर्ज. आपल्या गावात असे किती निघतील, याचा हिशेब प्रत्येक वाचकाने येत्या पौर्णिमेपर्यंत करावा.

जयभीम!