फाटे फोडतात ते जुने

आमच्या तत्त्वज्ञानाच्या चर्चामंडळात नवा चेहरा दिसला की काही जुन्यांच्या कपाळावर बारीकशी आठी पडते. आता हा विषय कुठल्या कुठे नेणार! चर्चा चालवता चालवता माझं मत मात्र नेमकं उलट झालं आहे. नवखा सहसा भरकटत नाही. भरकटण्याइतकं त्याने वाचलेलंच नसतं. फाटे फोडतात ते जुने. विषय इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचा ठरलेला असतो आणि एखादे सर ह्यूमवरून नागार्जुनावर, तिथून थेट क्वांटमवर जातात. नवा माणूस मान डोलावतो, चहा घेतो आणि पुन्हा फिरकत नाही.

यावरचा तोडगा मला गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, सापडला. वादात माणूस कुठे कुठे हरतो, अशा 22 जागा गौतमाने सांगितल्या आहेत. ही निग्रहस्थानं. चालू विषयाशी संबंध नसलेलं बोलणं म्हणजे अर्थांतर. समोरच्याने तीनदा सांगितलं, सभेला कळलं, तरी ते आपल्या तोंडून मांडता न येणं म्हणजे अननुभाषण. आणि माझं लाडकं अविज्ञातार्थ: तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिपक्षाला कळलं नाही, तर हरला तो सांगणारा! भाष्यकार वात्स्यायन कारणंही देतो. द्व्यर्थी शब्द, अनोळखी प्रयोग, भरभर बोलणं. आपलं असामर्थ्य झाकायला माणूस असं बोलतो, हेही तो भीड न ठेवता सांगतो.

आम्ही कुणाला हरवत नाही. पण एक शिस्त पाळतो: आक्षेप घेण्याआधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं, आणि तो ‘हो, असंच’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. वेळ जातो खरा. पण निम्मे आक्षेप तिथेच विरतात.

एकदा लॉकच्या मानवी आकलनावरच्या निबंधातलं, 1694च्या आवृत्तीत भर घातलेलं प्रकरण चालू होतं. माणूस ‘तोच’ राहतो तो कशाने? जाणीव मागच्या कृतींपर्यंत पोचते म्हणून, असं लॉकचं उत्तर. पहिल्यांदाच आलेल्या, वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, “आमच्या आजी मुलाला ओळखत नाहीत. पण चहात साखर कमी पडली की कप अजून तस्साच पुढे सरकवतात. मग त्या त्याच ना?”

“हे रीडने कधीच सांगून ठेवलंय,” एक सर म्हणाले. (नाही सांगितलेलं. लॉकचा टीकाकार थॉमस रीड, त्याचा आक्षेप वेगळाच आहे.) मी म्हटलं, “सर, आधी ताईंचं म्हणणं सांगा.”

“ताई म्हणतात, आजींना थोडी आठवण उरली आहे.”

“आठवण नाही हो, खोड!”

पुढचा सगळा वेळ त्या एका शब्दावर गेला. जाणिवेशिवाय टिकणारी खोड माणसाला ‘तोच’ ठेवते का? विषय तसूभरही सुटला नाही.

एक जात मात्र अवघड. स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचं खोडत बसणारी. वितंडा ती हीच. कोवळ्या रोपांभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालावं, तशी तत्त्वरक्षणापुरती ती गौतमाला चालते. मला चहानंतर चालते. अशा माणसाला मी एवढंच विचारतो, “तुमचं स्वतःचं म्हणणं काय?” बहुतेक वेळा घड्याळ बघितलं जातं.

तुमच्या गावात असं मंडळ असेल तर जरूर जा. काही वाचलेलं नसलं तरी जा, आणि कुणाचं बोलणं डोक्यावरून गेलं तर बेधडक म्हणा, “कळलं नाही, पुन्हा सांगा.” तीनदा विचारायचा तुम्हाला हक्क आहे.