तकिट आणि डावा पाय

मिरवणुकीत हलगी, घुमकं आणि कैताळ एकत्र वाजू लागले की कोल्हापूरच्या कुठल्याही पेठेतला माणूस कान देतो. हलगी बोलते, घुमकं खाली खर्ज धरतं आणि कैताळ मात्रेवर खणखणून चाल उघडी करतं. ड्रमसेट शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे त्रिकूट नीट ऐकून यायला सांगतो. स्नेअर, बास ड्रम आणि झांजा, ड्रमसेटची मुळातली वाटणी हीच आहे. लग्नाच्या ब्रास बँडमध्ये आजही ही तीन कामं तीन वेगळी माणसं करतात. ती एका माणसाच्या अंगावर आली अमेरिकेतल्या नाट्यगृहांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तिथं एकाच वादकाला मोठा ड्रम आणि स्नेअर दोन्ही हातांनीच सांभाळावे लागत. १९०९ मध्ये विल्यम लुडविग यांनी चपळ पेडल बनवलं आणि उजव्या पायाला काम मिळालं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस हाय-हॅट, म्हणजे पायानं मिटणारी झांजांची जोडी, आजच्या उंचीवर आला, तेव्हा डाव्या पायालाही भरीव काम मिळालं.

हा डावा पाय हाच माझ्या शिकवण्याचा मोठा भाग होऊन बसला आहे. आपल्याकडच्या पोरांचे हात तयार असतात. कुणी मंडळात ढोल वाजवलेला असतो, कुणी भजनात ढोलकी, कुणी बेंजो पार्टीत ताशा. मनगट सैल असतं, लय अंगात असते. उजवा पायही काही दिवसांत ठेक्यात येतो. पण हात गुंतागुंतीचं काही वाजवू लागले की डावा पाय आधी अडखळतो, मग हातांच्या मागं जातो, मग थांबतो. "सर, पाय ऐकंनाच झालाय बघा," हे वाक्य दर बॅचमध्ये ऐकू येतं. त्या पायासाठी मी एकच लिक, म्हणजे वाजवायचा छोटा तुकडा, देतो आणि ती पुरती बसेपर्यंत दुसरी देत नाही.

लिक दिसायला अगदी साधी आहे. उजवा हात, डावा हात, उजवा पाय. पुन्हा उजवा हात, डावा हात, उजवा पाय. दोन आघात कधीच एकत्र पडत नाहीत, एकामागून एक येतात. तोंडानं म्हणायचं तर तकिट, तकिट, तकिट. 'त' उजव्या हाताचा, 'कि' डाव्याचा, 'ट' बास ड्रमचा. रॉक ऐकणाऱ्यांना हात-हात-पाय हा साचा ड्रमर जॉन बॉनममुळे ओळखीचा आहे. पण तो बहुतेक वेळा एका मात्रेत तीन असा वाजतो, आणि तसा तो फार अवघड नाही, कारण प्रत्येक मात्रा उजव्या हातावरच येते. मी तो चौपटीत घ्यायला लावतो. एका मात्रेत चार आघात, गट मात्र तीनचे. आणि डाव्या पायानं हाय-हॅट दर मात्रेवर बंद करायचा, न चुकता.

आता काय होतं पाहा. पहिल्या मात्रेला डावा पाय उजव्या हाताबरोबर पडतो, 'त'वर. दुसऱ्या मात्रेपर्यंत चार आघात झालेले असतात, म्हणून तिथं 'कि' येतो आणि डाव्या पायाला डाव्या हाताची सोबत मिळते. तिसऱ्या मात्रेला 'ट' येतो. तिथं दोन्ही पाय एकदम खाली जातात. चौथ्या मात्रेला पुन्हा 'त'. म्हणजे तीन मात्रांमध्ये डावा पाय बाकीच्या तिन्ही अवयवांना एकेकदा भेटतो आणि दर वेळी सोबती बदलतो. या लिकची खरी किंमत इथं आहे. हात शिकत असतात ते अगदी थोडं. शिकायचं असतं डाव्या पायाला, की कुणीही शेजारी आलं तरी आपली मात्रा सोडायची नाही.

बहुतेकांचा पाय दुसऱ्याच मात्रेला घसरतो. त्याला 'त'बरोबर पडायचं असतं. 'त' जोरकस आहे, उजव्या हाताचा आहे, तिथं पाय आपोआप ओढला जातो. हा आळस नव्हे. शरीराची ठेवणच तशी आहे. अमेरिकेत स्कॉट केल्सो या शास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात एक साधा प्रयोग केला, तो वाचकांनी आत्ता करून पाहावा. दोन्ही हातांच्या तर्जन्या टेबलावर ठेवा आणि दोन्ही एकाच दिशेनं, दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे, अशा हलवा. सावकाश जमतं. वेग वाढवत न्या. एका क्षणी बोटं तुम्हाला न विचारता आरशातल्यासारखी हलू लागतात, एकाच वेळी आत, एकाच वेळी बाहेर. १९८५ मध्ये हाकेन, केल्सो आणि बुंझ यांनी या उडीचं गणितही मांडलं. वेग वाढला की शरीर सोप्या, एकसारख्या हालचालीकडे झुकतं. ड्रमरचा सगळा रियाज हा झुकाव ओळखण्याचा आणि सावकाश वेगात त्याला दुसरी वाट घालून देण्याचा आहे. म्हणून मी मेट्रोनोम साठावर लावतो. साठाला सेकंदाला चार आघात होतात. तेही जड वाटलं तर पन्नास, नाहीतर चाळीस. ज्या वेगात पाय घसरतो त्या वेगात शंभर वेळा वाजवणं म्हणजे घसरण्याचाच रियाज.

जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अनेक वर्षं ड्रम वाजवणाऱ्यांचे मेंदू तपासले. मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणाऱ्या सेतूच्या पुढच्या भागात त्यांच्याकडे तंतू कमी, पण जाड आढळले. जाड तंतूतून निरोप लवकर जातो. वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंना वेगळं काम देण्याशी याचा संबंध असावा, असं ते मानतात. मला यातलं विज्ञान तपासता येत नाही, पण वर्गात जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं. पोरगं काही आठवडे अडखळतं आणि मग एका दिवशी पाय सुटा होतो.

पाय सुटा होतो म्हणजे काय होतं, याबद्दल माझं मत ठाम आहे. चार अवयवांची चार वेगळी कामं चार वेगळ्या मनांनी होत नसतात. जो विद्यार्थी आधी हात पक्के करतो, मग पाय पक्का करतो आणि मग दोन्ही एकत्र ठेवू पाहतो, त्याला फार वेळ लागतो. चारही अवयव मिळून एकच बोल होतो आणि तो आधी तोंडात यावा लागतो. आपल्याकडे याला पढंत म्हणतात. स्टिक हातात घेण्याआधी मी विद्यार्थ्याला खुर्चीवर बसवतो. डाव्या पायानं मात्रा, तोंडानं तकिट. 'त' कुठं मात्रेवर आला, 'कि' कुठं आला, 'ट' कुठं आला, हे त्यानं स्वतःच्या आवाजात ऐकायचं. जिभेला जमलं की उजवा हात मांडीवर 'त' वाजवतो, मग डावा 'कि', मग उजवी टाच 'ट'. सेटवर बसायची वेळ सगळ्यात शेवटी येते. पश्चिमेत या विषयावर उत्तम पुस्तकं आहेत. जिम चॅपिन यांचं १९४८ चं पुस्तक तर ड्रमरांचा पाया मानलं जातं. त्यात उजवा हात सिंबलवर एकच चाल धरून ठेवतो आणि डावा हात पानापानावर नवं वाजवतो. ते पुस्तक मी वापरतो. तरीही पढंतीची जोड दिल्याशिवाय आपल्या विद्यार्थ्याला ते पान अंगात भिनत नाही.

तबल्यावाल्यांना हे सांगावं लागत नाही. कायद्याची भरी आणि खाली वाजवताना ते हेच करत असतात. 'धा धा ते टे' नंतर 'ता ता ते टे' आलं की उजव्या हाताचं काम जवळपास तेच राहतं, डग्गा मात्र गप्प होतो. डावा हात काढून घेतला तरी उजव्याच्या वजनात, आसेत, वेगात काडीचाही फरक पडता कामा नये. हा अवयव सुटा करण्याचाच धडा आहे, फक्त त्याला तसं नाव दिलेलं नाही. १८८३ साली स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबच्या या गावात तबला शिकलेली पोरं पुष्कळ आहेत, आणि ती ड्रमसेटवर बसली की डाव्या हाताचा प्रश्न जवळजवळ सुटलेला असतो.

पायाचा प्रश्न मात्र वारकऱ्यानं सोडवलेला आहे. आषाढीला कोल्हापुरातून नंदवाळला दिंडी जाते, तेव्हा तिच्या बरोबरीनं चालून पाहावं. हातात टाळ, तोंडात अभंग, पायात पावली. टाळाचे आघात वेगळे, चरणाची उचल वेगळी, पावलाची मात्रा वेगळी, आणि साठीतला शेतकरी हे सगळं चढावर दम न लागता करत असतो. त्याला कुणी समन्वयाचे धडे दिलेले नाहीत. पाऊल आधी अंगवळणी पडलं आणि बाकीचं त्यावर चढलं.

माझ्याकडे हलगी वाजवणाऱ्या घरातला एक मुलगा आला होता. हलगीचा डावा हात फार कष्टाचा. त्याच हातानं कडं धरायचं आणि त्याच हातातल्या लांब बारीक काडीनं वाजवायचंही. उजव्या हातातलं आखूड टिपरू मधोमध घुमवत असतं. या मुलाला तकिट हातांत यायला वेळच लागला नाही. डावा पाय मात्र हाय-हॅटवर ठेवला की दगड. मी त्याला स्टुलावरून उठवलं, गळ्यात त्याचीच हलगी अडकवायला सांगितली आणि जागच्या जागी मिरवणुकीत चालतो तसं चालत तीनाचे गट वाजव म्हटलं. पाऊल जराही चुकलं नाही. खासबागेच्या मैदानात किंवा जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठीपुढं तासन् तास चालत वाजवणाऱ्यांच्या घरात जी मात्रा पायात होती, ती त्याला बसल्यावर सापडत नव्हती, इतकंच. मग त्यानं ड्रमसेटपुढं उभं राहूनच सुरुवात केली आणि काही दिवसांनी बसला. तेव्हापासून ज्याचा पाय अडतो त्याला मी आधी चालायला लावतो.

इथं मनातलं एक बोलून टाकतो. तबल्याचे कायदे ग्रंथांत आले, त्यांची घराणी झाली, ते वाजवणाऱ्यांना उस्ताद म्हणण्याची रीत पडली. मातंग समाजातल्या वादकांनी पिढ्यान् पिढ्या जपलेल्या हलगीच्या चाली मात्र बहुतांशी हातातून हातात राहिल्या. त्या चालींत तीनाचे, पाचाचे गट चाराच्या चालीवर असे सहज पडतात की परदेशी शिबिरांत त्यासाठी लोक पैसे मोजतील. त्या बोलांसह लिहून ठेवायला हव्यात, वाजवणाऱ्यांच्या नावानिशी, आणि संगीताच्या अभ्यासक्रमात त्यांना तबल्याच्या शेजारी जागा मिळायला हवी.

आपल्या मातीतला हिशेब ड्रमसेटवर कुठवर जातो हे ज्याला पाहायचं आहे त्यानं त्रिलोक गुर्टू ऐकावेत. १९५१ साली मुंबईत जन्मलेले हे वादक ठुमरीच्या थोर गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. शोभाताई बेळगावच्या, आणि त्यांचं संगीताचं शिक्षण इथं कोल्हापुरात भुर्जी खाँसाहेबांकडे सुरू झालं. भुर्जी खाँ म्हणजे शाहू महाराजांच्या दरबारातले गायक अल्लादिया खाँ यांचे धाकटे चिरंजीव. त्रिलोक लहानपणापासून तबला शिकले आणि पुढं ड्रमकडे गेले. त्यांनी नेहमीचं स्टूल बाजूला ठेवलं. जमिनीलगत, अर्धवट गुडघ्यावर बसून ते ड्रम, झांजा आणि तबला एकाच मांडणीत वाजवतात. गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिनबरोबर १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण मिळवून ऐका. त्यात ते तोंडानं बोल म्हणतात आणि तेच बोल वाद्यांवर उतरतात. हात आणि पाय वेगवेगळे ऐकू येतच नाहीत, येतो तो बोल. १९८८ च्या 'उस्फ्रेट' या त्यांच्या अल्बममध्ये शोभाताईंचा आवाजही आहे. आईच्या गाण्याखाली मुलाचे तुटक, तिरके गट ऐकताना मला ते घर ऐकू येतं, ज्यात समेची चूक चालत नव्हती.

लिककडे परत येतो. ती बसली आहे की नाही हे वेगावरून ठरवू नये. मी आवाजावरून ठरवतो. बास ड्रमचा 'ट' हातांपेक्षा मोठा होता कामा नये, नाहीतर ऐकणाऱ्याला तीन सुटे तुकडे ऐकू येतात. हाय-हॅटची टीक दर मात्रेला सारखी हवी. तिसऱ्या मात्रेला दोन्ही पाय एकत्र पडतात तिथं ते खरंच एकत्र पडले पाहिजेत, एकाचा आवाज आधी आणि दुसऱ्याचा नंतर असं नको. यासाठी फोनवर मुद्रण करून ऐकणं हा उत्तम उपाय आहे. वाजवताना कान फसतो, नंतर फसत नाही. आणि पोटरी किंवा नडगी दुखू लागली तर थांबावं. दुखऱ्या पायानं केलेला रियाज पायात ताठपणा भरतो आणि तो काढायला पुन्हा महिने जातात.

बसल्यावर ती वापरायची कुठं? तीनताल डोळ्यापुढं आणा. सोळा मात्रा. पाचव्या मात्रेपासून, म्हणजे दुसऱ्या टाळीपासून, तकिट सुरू करा. तिथून समेपर्यंत बारा मात्रा आहेत, चौपटीत अठ्ठेचाळीस आघात, तीनाचे बरोबर सोळा गट. सोळावा गट संपतो आणि सम येते. गाण्यात चार-चार मात्रांची ओळ असेल तर चौथ्या ओळीच्या शेवटी क्रॅश बरोबर जागेवर पडतो. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना याचा फार उपयोग होतो, कारण गायकाला कुठं उचलायचं ते कळतं. घाई असेल तर चौदाव्या मात्रेपासून फक्त चार गट घ्या, तेही समेवरच येतात.

हे झालं की पाचाचा गट घ्यावा. उजवा, डावा, उजवा, डावा, पाय. त्यात डावा पाय पहिल्या आघाताबरोबर पडल्यावर पुढच्या मात्रेला पाचव्याला भेटतो, मग चौथ्याला, तिसऱ्याला, दुसऱ्याला, असा उलट्या क्रमानं. पाच मात्रांत फेरी पुरी होते, म्हणून तीनतालात सुरुवात बाराव्या मात्रेवर. साताचा गट घ्यायचा तर दहाव्या मात्रेपासून. त्यात डावा पाय कुणाला कोणत्या क्रमानं भेटतो, ते वाचकांनी कागदावर मांडावं, तोंडानं म्हणावं आणि मग स्टिक उचलाव्यात.