पंख्यावरचा हात

इंजिन सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून बघायचा, ही आमची सकाळची पूजा होती. स्विच बंद आहे ना ते दोनदा पाहायचं, चाकांपुढे लाकडी ठोकळे सरकवायचे, आणि मग पात्यावर दोन्ही तळवे टेकवून पंखा सावकाश ओढायचा. सिलिंडर चार, आणि दोन फेऱ्यांत चार वेळा दाब हाताला लागायचा. एक, दोन, तीन, चार. चारही सारखे घट्ट लागले की जीव भांड्यात पडायचा. एखादा लुळा लागला की त्या दिवशीचं उड्डाण रद्द, आणि दुपारभर व्हॉल्व्ह बघत बसायचं. वैद्याने नाडी धरावी तसा तो पंखा आम्ही धरायचो.

आता आमच्या छोट्या विमानतळावर, शेजारच्या हँगरमध्ये, पुण्याहून इकडे आलेला एक तरुण मित्र स्वतःचं विमान बांधतोय. तो बटण दाबतो, समोरचा पडदा उजळतो, आणि सिलिंडरांचं तापमान, तेलाचा दाब, पेट्रोलचा प्रवाह सगळं रंगीत पट्ट्यांत मांडलं जातं. माझ्या तळव्यांना जे कळायला वर्षं लागली, ते त्याला एका नजरेत कळतं. आणि पडद्याचं सांगणं माझ्या तळव्यांपेक्षा अचूक असतं, हे मला मान्य आहे.

आम्ही म्हणजे १९८०च्या दशकात इलिनॉय आणि विस्कॉन्सिनच्या गॅरेजांत विमानं बांधणारी माणसं. कुणी गाई पाळणारा तिथला शेतकरी, कुणी लेथवर काम करणारा, कुणी शाळामास्तर, आणि त्यांच्यात नोकरीसाठी येऊन स्थिरावलेला सांगली जिल्ह्यातला मी. पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीजवळ सुरू केलेल्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनने या हौसेला घर दिलं. १९७०पासून ऑशकॉशला भरणारा तिचा उन्हाळी मेळा ही आमची वारी झाली. अमेरिकेतला कायदा उदार होता. निम्म्याहून जास्त काम शिकण्यासाठी किंवा हौसेपोटी स्वतः केलेलं असलं की विमानाची नोंदणी व्हायची, फक्त त्यावर ‘एक्सपेरिमेंटल’ हा शब्द लावावा लागायचा. पुढे अमोल यादवांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि त्याच्या नोंदणीला २०१७ साल उजाडलं, हे वाचलं तेव्हा आम्हाला मिळालेल्या गॅरेजची किंमत कळली.

तेव्हा आमच्यातल्या अनेकांच्या विमानाला मोटारीचं इंजिन असायचं. बर्नार्ड पीटेनपोल यांनी मिनेसोटात १९२९ मध्ये आपल्या विमानाला फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन बसवलं, आणि तो कित्ता पुढच्या पिढ्यांनी गिरवला. माझ्या एका आसनाच्या लाकडी विमानाला फोक्सवॅगन बीटलचं इंजिन होतं. भंगारातून आणलेलं, स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडलेलं, क्रँकशाफ्टवरचा गिअर घरच्या ओव्हनमध्ये तापवून जोडलेलं. ठिणगीसाठी वीज देणारा मॅग्नेटो एकच, प्रत्येक सिलिंडरला प्लग एकच. मोटारीत हे इंजिन निवांत आयुष्य काढायचं. विमानात मात्र त्याला बराच वेळ सगळी ताकद लावून धापा टाकाव्या लागायच्या. ते मध्येच बंद पडलं तर कुणाला नवल वाटायचं नाही.

आता त्या तरुणाच्या विमानाला रोटॅक्स ९१२ आहे. १९८९ मध्ये बाजारात आलेलं हे इंजिन विमानासाठीच घडवलेलं, त्याला इग्निशनच्या दोन स्वतंत्र यंत्रणा, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. २०१२ मध्ये त्याची इंधन फवारणारी आवृत्ती निघाली आणि त्यात कार्ब्युरेटरच उरला नाही. आता हे इंजिन दोन हजार तास चालल्यावर पूर्ण उघडायचं असतं. आमच्यातले कितीतरी जण आयुष्यात तेवढे तास उडलेच नाहीत.

कार्ब्युरेटर गेला, त्याबरोबर आमची एक मोठी भीती गेली. बाहेर वीस अंशांची हवा, अंगाला घाम यावा असा दमट दिवस, आणि इंजिनाच्या गळ्यात बर्फ! ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरी वाटायची नाही. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवा प्रसरण पावते, पेट्रोलची वाफ होते, आणि तिथलं तापमान वीस-वीस अंशांनी खाली येतं. मग हवेतलं बाष्प गोठून गळा आवळत जातं. उपाय एकच, एक्झॉस्टवरून तापलेली हवा आत घेणारी मूठ ओढायची. पण ती ओढली की वितळलेलं पाणी इंजिनात जायचं, आणि आधीच अडखळणारं इंजिन आणखी खोकायचं. नवखा माणूस घाबरून मूठ परत ढकलायचा आणि तिथेच फसायचा. मूठ धरून ठेवायची, आकडे मोजायचे, धीर सोडायचा नाही, हे आम्हाला वडीलधाऱ्यांनी शिकवलं. ती धीराची तालीम आता कुणाला करावी लागत नाही. ती करावी लागू नये हेच बरं. तरी ज्याने ती केली, त्याला पुढे कुठल्याही संकटात मूठ धरून ठेवता आली.

पेट्रोलचे सोहळे तर वेगळेच. पहाटेच्या गारव्यात टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल काढायचं, उजेडासमोर धरायचं आणि तळाशी पाण्याचा मणी दिसतो का ते बघायचं. तेव्हा आमचं विमानाचं पेट्रोल तांबडं असायचं; पुढे ते गेलं आणि पंपावर निळं तेवढं उरलं. मोटारीचं पेट्रोल वापरायचं असलं तर उभ्या नळीत आधी थोडं पाणी घ्यायचं, त्यावर खूण करायची, वर पेट्रोल ओतून हलवायचं. पाण्याची रेघ खुणेच्या वर चढली की समजायचं, यात अल्कोहोल मिसळलंय. रबराच्या नळ्यांना आणि टाकीच्या आतल्या लेपाला ते मानवायचं नाही. काहींच्या टाकीवर इंधन दाखवायला बुचाच्या लाकडाचा तरंगता तुकडा आणि त्यात खोचलेली तार असायची. समोर नाचणारी तार जसजशी बुटकी होईल, तसतसं घर जवळ करायचं.

आता त्या मित्राच्या पडद्यावर तासाला किती गॅलन जातंय ते दशांशापर्यंत दिसतं, आणि उरलेल्या पेट्रोलात कुठवर जाता येईल तेही. बुचाच्या तारेची आठवण मी मायेने काढतो, पण ती तार अडकायची. पेट्रोल बोटांवर घेऊन आम्ही वास घ्यायचो, त्यात शिसं असायचं, आणि ते हात तसेच डब्यातल्या सँडविचला लागायचे. पंख्याची पूजाही निर्धोक नव्हती. मॅग्नेटोची बंद करणारी तार कुठे तुटलेली असली तर स्विच बंद असूनही इंजिन लाथ मारायचं. त्यात बोटं गमावलेली माणसं आम्ही पाहिली आहेत.

स्वातंत्र्य हा तेव्हाचा आमचा सगळ्यात आवडता शब्द होता. नकाशात व्हॉल्व्ह इथे दाखवलाय, पण मला तो तिथे सोयीचा वाटतो, असं म्हणून बदल करायला कुणाची आडकाठी नव्हती. १९९७ च्या ऑक्टोबरात गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ स्वतःच्या लाँग-ईझी विमानात गेले. ते विमान दुसऱ्याने बांधलेलं होतं आणि त्यांनी नुकतंच घेतलं होतं. मूळ आराखड्यात पायांच्या मध्ये असलेला इंधनाचा व्हॉल्व्ह बांधणाऱ्याने डाव्या खांद्यामागे नेला होता. टाकी बदलण्यासाठी मागे वळताना पाय रडरवर दाबला गेला आणि विमान हाताबाहेर गेलं, असा निष्कर्ष चौकशी मंडळाने काढला. ती बातमी वाचल्यावर आम्ही प्रत्येकाने आपापल्या विमानात बसून, पट्टे आवळून, डोळे मिटून व्हॉल्व्हपर्यंत हात जातो का ते बघितलं होतं. काहींचे हात पोचले नाहीत.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने घरी बांधलेल्या विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी आणि हौशी उड्डाणांच्या ताफ्यात अशी विमानं सुमारे दहा टक्के, पण २०११ मधल्या प्राणघातक अपघातांत त्यांचा वाटा एकवीस टक्के. कारणांत वरचं स्थान इंजिन आणि इंधनयंत्रणेच्या बिघाडाचं आणि विमान हाताबाहेर जाण्याचं. तो अहवाल मी एका बैठकीत वाचला आणि रात्रभर झोप लागली नाही. आमच्या गोड आठवणींचा हिशेब दुसऱ्या कुणीतरी काळ्या शाईत मांडून ठेवला होता.

माझा स्वतःचा दिवस आला तो १९८७ च्या जुलैत. विमान तीन आठवडे उभं होतं. आदल्या संध्याकाळी टाकी काठोकाठ भरली, सकाळी पंखा फिरवला, चारही दाब उत्तम. धावपट्टी सोडून सहाशे फुटांवर पोचलो आणि इंजिन दोनदा खोकून गप्प झालं. पंख्याचं पातं समोर उभं राहिलं. अशा वेळी जी शांतता पसरते, ती मी दुसरीकडे कुठेही ऐकलेली नाही. मागे वळून धावपट्टीकडे जावंसं प्रत्येकाला वाटतं, आणि कमी उंचीवर तसं वळलेले फार थोडे परत येतात. मला शिकवणारा म्हातारा खरादी एकच मंत्र द्यायचा: आधी नाक खाली, मग समोरचं शेत. नाक खाली केलं. उजवीकडे पुरुषभर उंचीचा मका, डावीकडे तारांचे खांब, समोर नुकत्याच कापलेल्या गव्हाचे सड. तिथे उतरलो. शेतकरी ट्रॅक्टरवरून आला, त्याने आधी माझा हात धरला आणि मग विमानाकडे बघितलं.

टाकीचं झाकण उघडलं तेव्हा फुस्स करून हवा आत ओढली गेली, आणि मला उलगडा झाला. टाकीत हवा येण्यासाठी विमानाच्या पोटाखाली जी पेन्सिलीएवढी नळी होती, तिच्या तोंडात कुंभारीण माशीने घर केलं होतं. बोटाच्या पेराएवढा सुबक, वाळलेला चिखल. हवा आत येईना, म्हणून पेट्रोल बाहेर जाईना. इतकं मोठं यंत्र, आणि इतकीशी माती. तेव्हापासून प्रत्येक उड्डाणाआधी मी गुडघ्यावर बसून त्या नळीत फुंकर घालतो आणि झाकण उघडून ती आत पोचल्याची खात्री करतो.

आता इंजिन बंद पडलं तर नकाशावर एक वर्तुळ उमटतं. वाऱ्याचा हिशेब धरून विमान तरंगत कुठवर पोचेल हे ते दाखवतं. काही विमानांत तर अख्ख्या विमानाला पेलणारी हवाई छत्री असते, मूठ ओढली की उघडणारी. पहिल्या चाळीस तासांच्या चाचणी-उड्डाणांत आम्ही एकटेच असायचो. २०१४ पासून अनुभवी वैमानिकाला सोबत घ्यायची मुभा आहे. हे सगळं तेव्हा असतं तर आमच्या जुन्या गटफोटोतले दोन-तीन चेहरे आज शेजारी बसून कॉफी पीत असते. म्हणून जुने दिवस बरे होते असं कुणी म्हणालं की मी अडखळतो. त्या दिवसांच्या आठवणी सांगायला आम्ही उरलो. जे उरले नाहीत त्यांचं मत कुणी विचारलेलं नाही.

तरी हळहळ वाटते, ती एका गोष्टीची. तो खरादी आपल्या दोन आसनी विमानात मला घेऊन जायचा आणि गप्पांच्या मध्येच थ्रॉटल मागे ओढून विचारायचा, “कुठे?” बोट दाखवायला तीन सेकंद. त्यामुळे खालची शेतं बघायची सवय लागली. कुठे मका, कुठे सोयाबीन, कुठे गवत कापून झालंय, धूर कुठल्या दिशेला जातोय. मी शेतकऱ्याचा नातू. आजोबा बांधावरून पीक बघायचे, मी हजार फुटांवरून. वर्तुळाला अंतर कळतं, पण काल कुणाचं शेत कापलं ते कळत नाही. सतत अपयश गृहीत धरून खाली बघत राहणं ही आमची भीती होती, आणि तीच आमची मातीशी असलेली ओळखही होती. भीती गेली त्याचं सुख आहे. ओळख गेली तर मात्र वाईट वाटेल.

गेल्या महिन्यात त्या मित्राच्या विमानाचं पहिलं उड्डाण होतं. मी लवकर गेलो. नळीची गोष्ट त्याला आधीच सांगितली होती. त्याने नळीच्या तोंडाला जाळी बसवलीच होती, तरी गुडघ्यावर बसून त्याने फुंकर घातली. मग इग्निशन बंद असल्याचं दोनदा पाहिलं, तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि पात्यावर हात ठेवून पंखा सावकाश फिरवू लागला.

“हे कशाला?” मी विचारलं.

“काका, या इंजिनात तेल खाली साठून राहतं. पंखा हाताने फिरवला की ते वरच्या टाकीत परत येतं, त्याशिवाय पट्टीवरचं माप खरं येत नाही. ऐका हं.”

तो फिरवत राहिला. थोड्या वेळाने टाकीतून गुडगुड असा आवाज आला, भरल्या माठात तांब्या बुडवावा तसा. सगळ्यात नव्या इंजिनाच्या पुस्तकात आमची जुनी पूजा छापलेली होती, आणि मला ते ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, “एकदा मी फिरवू?” तो बाजूला सरला. मी तळवे टेकवले. माझ्या विमानात चार दाबांना दोन फेऱ्या लागायच्या. इथे गिअरमुळे पहिली फेरी पुरी व्हायच्या आतच चारही हाताला लागून गेले. घट्ट, सारखे.

“काय मोजताय काका?”

मी सांगितलं. त्याने माझ्या हाताशेजारी हात ठेवला, आणि आम्ही पुन्हा एकपासून मोजलं.